बुडालेला किनारा शोधायचाय? आधी नाथसागराच्या गाळात हात घाला

मी पैठणकडच्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवतो. ‘सर, आपल्याकडं समुद्रच नाही, मग बुडालेला किनारा कशाला शोधायचा?’ असं वर्गात कुणीतरी विचारतंच. समुद्र नाही, पण बुडालेली जमीन आहे आणि ती बुडण्याआधीचा नकाशाही आहे. पाण्याखालच्या जमिनीचं जुनं रूप उभं करायला शिकायचं, तर उत्तर पडताळता येईल अशी जागा लागते. खोल समुद्रात ती सोय नाही.

नाथसागर ज्याचा जलाशय, ते जायकवाडी धरण १९७६ साली पूर्ण झालं. त्याआधीच्या सर्वेक्षण नकाशांवर गोदावरीचं मूळ पात्र, काठची गावं, विहिरी, गाडीवाटा दिसतात. असा नकाशा मिळवा, पण तो मित्राकडं ठेवायला द्या. आत्ताच बघायचा नाही.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की गाळपेरीच्या आधी तळ उघडा असतो. हा भाग पक्षी अभयारण्यात येतो, म्हणून वन विभागाची आणि पाटबंधारे विभागाची परवानगी घ्या. एकट्यानं जाऊ नका. वरून वाळलेला गाळ खाली ओला असतो आणि कमरेपर्यंत रुतवतो. दोन इंची पीव्हीसी नळी मीटरभर ठोका, वरचं तोंड टोपणानं घट्ट बंद करा आणि मगच उपसा, नाहीतर माल खालून निसटतो. नळी उभी चिरा, शेजारी टेप ठेवून फोटो काढा आणि वरून खाली प्रत्येक थराची नोंद करा.

वरचा चिकट, बारीक थर धरणाचा. त्याखाली भेगांच्या, मुळांच्या खुणा आणि चुनखडीचे खडे असलेली काळी लागली, तर ते जुनं शेत. वाळू, गोटे, गारगोट्या लागल्या तर पात्र. राखट माती आणि खापरं लागली, तर तुम्ही एखाद्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेवर आहात. तिथं थांबा, काही उचलू नका, पुरातत्त्व विभागाला कळवा.

अशा नळ्या ओळीनं, काठापासून आत ठोकत जा. थरांवरून पात्र, काठ, शेतं कागदावर काढा आणि मग मित्राकडचा नकाशा मागून घ्या. तुम्ही काढलेली नदी बहुधा चुकलेली असते, कारण गाळ सखल जागी जास्त साचतो आणि जुनं पात्र बुजवून टाकतो. आजची खोली म्हणजे तेव्हाचा उतार नव्हे, हे एकदा हाताला कळलं की समुद्राकडं वळायला हरकत नाही.

समुद्रतळाच्या खोलीची माहिती ‘जेब्को’ या जागतिक नकाशासंचात फुकट मिळते. ती क्यूजीआयएस या नकाशे काढायच्या संगणक प्रणालीत उघडा आणि मुंबईसमोरचा भाग कापून घ्या. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्र आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होता. म्हणून उणे १२० मीटरची समोच्च रेषा काढली जाते आणि बहुतेक जण तिथंच थांबून तिला किनारा म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. मुंबईसमोरचा उथळ तळ सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे. एवढ्या अंतरात १०० मीटर उतार धरला, तर खोलीतली एका मीटरची चूक किनारा तीन किलोमीटर सरकवते. त्यात वर साचलेला गाळ आहे, भरती-ओहोटीनं खरवडलेला तळ आहे, जमिनीचं खचणं-उचलणं आहे. रेषा हा फक्त अंदाज. साक्ष गाळाची घ्यायची.

गाळाखाली बुजलेली पात्रं शोधायला जहाजावरून ध्वनिलहरी सोडतात. त्या थराथरावरून परततात आणि तळाचा उभा छेद मिळतो. उत्तर समुद्रात तेल शोधणाऱ्यांनी गोळा केलेल्या अशाच नोंदींतून बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी डॉगरलँड या बुडालेल्या मुलखातल्या नद्या आणि सरोवरं उभी केली. तिथं माणसं वावरत होती, याचा पुरावा १९३१ सालीच मासेमारीच्या जाळ्यात आला होता: दलदलीतल्या कुजक्या वनस्पतींच्या ढेकळात अडकलेलं शिंगाचं दातेरी टोक.

गाळाच्या नमुन्यात खारफुटीचा थर मिळाला तर सोनंच, कारण ती भरती-ओहोटीच्या पट्ट्यातच वाढते. समजा, पाणी २२ मीटर खोल आहे आणि तळाखाली ३ मीटरवर तो थर आहे. म्हणजे तो आज २५ मीटर खाली. त्या ठिकाणची खारफुटी समुद्राच्या सरासरी पातळीच्या वर ० ते २ मीटरमध्ये वाढत असेल, तर तेव्हाचा समुद्र २५ ते २७ मीटर खाली होता. असा थर दबून खाली बसतो, म्हणून कठीण जमिनीवर थेट टेकलेला नमुना निवडा. वय रेडिओकार्बननं काढतात. शिंपल्यांना समुद्राच्या जुन्या कार्बनमुळं शेकडो वर्षांची दुरुस्ती लागते. आणि आम्लाचा थेंब टाकल्यावर फसफसलं म्हणजे शिंपला, असं मानू नका. आपली चुनखडीही तशीच फसफसते. भिंगाखाली फोरामिनिफेरा, म्हणजे समुद्रातल्या एकपेशीय जीवांची बारीक कवचं दिसतात का, ते बघा.

मुंबईत १८७०च्या दशकात प्रिन्सेस डॉक खोदताना चिखलाखाली खैराची झाडं सापडली, त्यातली कित्येक मुळांवर उभी. वाहून आलेला ओंडका काहीच सिद्ध करत नाही, रुजलेलं खोड मात्र तिथली जमीन सांगतं. समुद्र चढला की जमीन खचली, याचा निवाडा त्यावरूनही होत नाही; त्यासाठी आसपासचे आणखी नमुने हवेत.

गाळ कुठून आला, हेही विचारा. गोदावरीच्या मुखासमोर २००६ साली घेतलेल्या नमुन्यात दख्खनच्या बेसॉल्टची रासायनिक ओळख सापडली. पाऊसमान आटलं, शेती वाढली, तसा आपल्याकडच्या मातीचा वाटा त्या थरांत वाढत गेलेला दिसतो. आपल्या बांधावरून धुपलेल्या मातीची नोंद बंगालच्या उपसागरात आहे, हे वर्गात सांगताना आजही माझा आवाज चढतो.

शेवटचा नकाशा काढताना गाळाचा पुरावा असेल तिथंच सलग रेघ ओढा, बाकी सगळी तुटक. प्रत्येक रेघेशेजारी वय, कमी-जास्त किती, आणि कोणत्या नमुन्यातला कोणता थर हे लिहा. सलग रेघा थोड्याच निघतील. तशाच राहू द्या. पुढचा नमुना कुठं घ्यायला हवा, तिथं फुली मारून ठेवा.