जुने लष्करी गॅस मास्क जमवताना या चुका टाळा

जुना गॅस मास्क हाती आला की बहुतेक जण पहिल्या दहा मिनिटांत तीन गोष्टी करतात. तो तोंडावर चढवून आरशात पाहतात, धूळ निघावी म्हणून फिल्टरचा डबा तळहातावर आपटतात आणि रबर तुकतुकीत दिसावे म्हणून त्याला खोबरेल तेल चोळतात. ऐंशी वर्षांत झाले नाही ते नुकसान या दहा मिनिटांत होऊ शकते, आणि त्यांपैकी पहिल्या दोन चुकांत ते मास्कचे नव्हे, आपले होते.

फिल्टरच्या डब्यात मुख्यतः कोळसा असतो. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत त्यासाठी नारळाच्या करवंट्या आणि पीच या फळाच्या बियासुद्धा गोळा केल्या जात होत्या. कोळसा विषारी वायू शोषून घेतो, मात्र धुराच्या रूपात येणारे अतिसूक्ष्म कण त्यातून निसटतात. म्हणून पुढील काळातील डब्यांत तंतूंचा वेगळा थर घालावा लागला, आणि दुसऱ्या महायुद्धातील अनेक ब्रिटिश लष्करी डब्यांत हे तंतू निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसचे होते. नॉटिंगहॅम येथील कारखान्यात हे डबे भरणाऱ्या कामगारांपैकी, ज्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती, अनेक जण पुढे मेसोथेलिओमा या कर्करोगाने दगावले. शीतयुद्धाच्या काळातील अनेक अमेरिकन फिल्टरांत धोका वेगळा आहे. तेथे कोळशावर तांबे, चांदी आणि क्रोमियम यांच्या क्षारांची प्रक्रिया केलेली असते आणि त्यातील षट्‌संयुजी क्रोमियम कर्ककारक आहे.

म्हणून आत काय आहे हे ओळखण्याच्या भानगडीत न पडता प्रत्येक जुना डबा धोकादायकच समजावा. मास्क तोंडावर चढवू नये, डबा हलवून वाजवून पाहू नये, कापून उघडू नये आणि घरातील व्हॅक्युम क्लीनर त्याच्या जवळपासही नेऊ नये, कारण तो सूक्ष्म तंतू धरून न ठेवता खोलीभर पसरवतो. डब्याच्या दोन्ही तोंडांवर चिकटपट्टी लावून तो जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत एकात एक घालून बंद करावा आणि वर मराठीत ठळक अक्षरांत ‘उघडू नये’ असे लिहावे. आपण जाणते असलो तरी दिवाळीच्या साफसफाईला माळा आवरणारे दुसरेच कोणी असते. मास्कची कापडी पिशवीही गॅलरीत नेऊन झटकू नये, कारण फुटक्या डब्यातील धूळ वर्षानुवर्षे तिच्या शिवणींत साठलेली असू शकते.

आता खरेदीतील चुका. नाशिकमध्ये लष्करी दिसणाऱ्या कोणत्याही जुन्या वस्तूला ‘देवळाली कॅम्पमधून आलेली’ अशी ओळख सहज चिकटते. मायदेशी परतणारे ब्रिटिश सैनिक जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणीत थांबत आणि तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र आजही तेथे आहे, त्यामुळे ही कथा ऐकताच पटते. मलाही पटली होती. भद्रकालीतील एका भंगारवाल्याकडून मी खाकी पिशवीसह एक मास्क घेतला. पिशवीच्या झाकणाच्या आतील बाजूस ब्रिटिश लष्करी मालमत्तेचा बाण आणि त्याखाली १९४१ हे वर्ष स्पष्ट छापलेले होते, आणि तेवढे पाहून मी बाकी काही न तपासता पैसे मोजले. घरी येऊन मास्क उजेडात धरला, तेव्हा फिकट राखाडी रबर, डोळ्यांच्या जागी दोन लहान गोल काचा आणि हनुवटीपाशी वर्तुळात उठलेला २ हा आकडा दिसला. तो सोव्हिएत नागरी संरक्षण दलासाठी १९६० च्या दशकापासून लाखोंच्या संख्येने तयार झालेला जीपी-५ होता. तो मुळात लष्करी नव्हता आणि महायुद्धाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. वर्तुळातील आकडा मापाचा असतो, वर्षाचा नव्हे. पिशवी मात्र अस्सल निघाली, आणि ती आजही माझ्याकडे रिकामीच आहे.

या व्यवहारातून लागलेली सवय अशी की पिशवी, मास्क आणि फिल्टर या तिन्हींवरील ठसे मी वेगवेगळे वाचतो आणि ते जुळले तरच त्याला संच म्हणतो. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश ‘स्मॉल बॉक्स रेस्पिरेटर’ म्हणून काही दाखवले, तर आत डोकवावे. १९१६ मध्ये आलेल्या या प्रकारात नाकाला लावायचा चिमटा आणि दातांत धरायची रबरी नळी असते, ती नसेल तर वस्तू अपुरी तरी आहे किंवा दुसरीच आहे. जर्मन मास्कच्या पन्हळी पत्र्याच्या उभ्या डब्यावर वाळूच्या रंगाचा ताजा थर असेल, तर अधिक सावध राहावे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात केलेल्या मोहिमेच्या वस्तूंना भाव जास्त मिळतो, म्हणून साध्या डब्यांना नंतर तो रंग फासण्याचा उद्योग जगभर चालतो. मूळ रंग घासून पत्रा चकचकीत करणे ही त्याचीच दुसरी बाजू. अंजनेरीचे नाण्यांचे संग्रहालय पाहिलेल्या नाशिककरांना हे वेगळे सांगायला नको, कारण घासलेल्या नाण्याची किंमत जशी उतरते तशीच घासलेल्या डब्याचीही उतरते.

रबराच्या तक्रारींपैकी निम्म्या आपल्या हवामानामुळे आणि निम्म्या आपल्या उपायांमुळे उद्भवतात. तेल, मग ते खोबरेल असो वा यंत्राचे, नैसर्गिक रबर फुगवते आणि मऊ करते, त्यामुळे आज आलेली चमक काही महिन्यांत चिकटपणात बदलते. कपाटात कसर लागू नये म्हणून टाकलेल्या डांबरगोळ्यांची वाफ प्लॅस्टिकचे भाग मऊ करते. पत्र्याखालचा माळा ही तर सर्वांत वाईट जागा, कारण एप्रिल-मे मध्ये तेथील उष्णता रबराचे आयुष्य झपाट्याने घटवते. त्याऐवजी घरातील सर्वांत थंड, कोरड्या आणि अंधाऱ्या खोलीत, रबरावर शंखजिऱ्याची पूड हलक्या हाताने लावून आणि आत पांढरा, आम्लरहित कागद सैलसर भरून मास्क ठेवावा. वर्तमानपत्र भरू नये. पितळी बकलांवर हिरवा थर दिसू लागला, तर बक्कल आणि रबर यांच्यामध्ये त्याच कागदाची घडी सरकवावी, कारण पितळातील तांब्याच्या संपर्कात रबर लवकर कुजते.

पावसाळ्यात रबरावर पांढरट थर दिसला की बुरशी आली असे समजून लोक ते साबणाने धुऊन काढतात. थर सर्वत्र सारखा, वास नसलेला आणि बोटाला मेणासारखा लागत असेल, तर तो बहुधा रबरातूनच वर आलेले मेण किंवा गंधक असते. तो घासून काढला तरी पुन्हा येतो, म्हणून त्याला हात लावू नये. ठिपक्याठिपक्यांनी वाढणारी, केसाळ आणि कुबट वासाची असेल ती बुरशी. ती कोरड्या मऊ ब्रशने घराबाहेर काढावी, ते करताना आपल्या तोंडाला धूळ रोखणारा चांगला, आजचा मास्क बांधावा आणि वस्तू हवेशीर सावलीत सुकू द्यावी.

वर्षानुवर्षे घडी घातलेला मास्क सपाट होऊन कडक झाला असेल, तर तो ओढून सरळ करण्यापूर्वी त्याची एक कड अगदी थोडी वाकवून पाहावी. वाकवताना बारीक भेगा दिसल्या, तर रबर मेलेले आहे आणि ते आहे त्याच आकारात ठेवणेच योग्य. भेगा न दिसल्यास, फिल्टर वेगळा करून, रबर कोमट पाण्यात मऊ होऊ द्यावे आणि काही दिवसांच्या अंतराने थोडा थोडा कागद वाढवत आकार परत आणावा. एका दुपारी हे काम उरकू पाहणाऱ्यांचे मास्क कपाळाच्या रेषेवर फाटतात.

डोळ्यांच्या काचांतून व्हिनेगरसारखा वास येत असेल, तर त्या काचेच्या नसून सेल्युलोज अ‍ॅसिटेटच्या आहेत आणि विघटन पावू लागल्या आहेत. तो मास्क त्याच दिवशी इतरांपासून दूर ठेवावा. जर्मन मास्कच्या काचांमागे जिलेटिनचा लेप असलेल्या, वाफ न धरणाऱ्या पातळ चकत्या असतात. त्या ओल्या फडक्याने पुसल्या की लेपच निघून येतो.

शेवटची अडचण आट्यांची. नाटो आणि सोव्हिएत या दोन्ही पद्धतींच्या फिल्टरांच्या आट्यांचा व्यास ४० मिलिमीटरच असतो, परंतु नाटोच्या आट्यांमधील अंतर एक सप्तमांश इंच, म्हणजे सुमारे ३.६३ मिलिमीटर, तर सोव्हिएत आट्यांमधील ४ मिलिमीटर असते. त्यामुळे चुकीचा डबा एक-दोन फेरे सहज फिरतो आणि मग अडकतो. गंज असेल असे समजून तेथे पक्कड लावली की मास्कच्या तोंडाचे आटे कायमचे जातात. दोन फेऱ्यांनंतर जोर लागू लागला, तर उलटे फिरवून डबा बाहेर काढावा आणि तोंडाच्या कडेवर कोणत्या देशाचा ठसा आहे तो आधी वाचावा.