वक्र रेषेचा ऑफसेट घेताना

ऑफसेट म्हणजे मूळ रेषेपासून ठरावीक अंतरावर काढलेली समांतर रेषा. ऑटोकॅड या ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये ओ (O) टाइप करून एंटर, अंतर, रेषेवर क्लिक, मग ज्या बाजूला हवी तिकडे क्लिक. एवढं सगळ्यांना येतं. अडतं ते वळणावर.

मी आधी सगळ्यात घट्ट वळणाची त्रिज्या मोजते. कंस ४० मिमी त्रिज्येचा असेल तर आतल्या बाजूला १० चा ऑफसेट ३० चा कंस देतो, बाहेर ५०. पण आत ४५ मागितले तर तो कंस उरणारच कसा? केंद्रच ओलांडलं की! पॉलिलाइनमध्ये (रेषा-कंस जोडून बनलेल्या एकसंध रेषेत) अशी छोटी वळणं मुकाट्याने गायब होतात, म्हणून ऑफसेटनंतर प्रत्येक कोपरा झूम करून बघाच.

तुकडे सुटे असतील तर आधी जॉइन करा. सुट्या तुकड्यांचे ऑफसेट कोपऱ्यात एकमेकांना भेटत नाहीत, आणि मग ट्रिम-एक्स्टेंड (रेषा छाटणं-वाढवणं) करत बसावं लागतं. बाहेरचा कोपरा गोल हवा असेल तर ऑफसेटगॅपटाइप (OFFSETGAPTYPE) ही सेटिंग १ करा. ० ठेवलं तर कोपरा टोकदार राहतो.

लंबवर्तुळाचं मात्र ध्यानात ठेवा: त्याचा ऑफसेट लंबवर्तुळ नसतो, स्प्लाइन (मुक्त वक्र रेषा) मिळते. अक्ष वाढवून दुसरं लंबवर्तुळ काढलंत, तर मधलं अंतर सगळीकडे सारखं राहत नाही.