लेकराला दाबून धरायच्या आधी: कॅज्युअल्टीत वेदना आणि भीती कमी करण्याची रीत

टाके, सलाईन, भाजल्याचं ड्रेसिंग, कुत्रा चावल्यावरची इंजेक्शनं ही कामं तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात रोज होतात, आणि बहुतेक वेळा चौघांनी लेकराला धरून होतात. काम उरकतं, पण पुढच्या वेळी तेच लेकरू दाराशीच ओरडायला लागतं आणि मग सहा जण लागतात. पाच मिनिटं तयारीला दिली तर धरायला एक माणूस पुरतो, तोही आईच.

आधी गर्दी कमी करा. जीपमधून आलेल्यांपैकी लेकराला सगळ्यात जवळचं एक माणूस आत राहू द्या, बाकीच्यांना केसपेपर काढायला पाठवा. बोलणाराही एकच हवा. सिस्टर, डॉक्टर, आजी आणि मामा एकदम समजावू लागले की लेकराला एकही शब्द कळत नाही. ट्रे त्याच्या नजरेआड भरा, सुई त्याच्यासमोर काढू नका.

त्याच वेळी वजन करा. वयावरून अंदाज नको, आपल्याकडची बरीच लेकरं वयाच्या मानाने हलकी असतात. उभं राहत नसेल तर आईला कडेवर घेऊन काट्यावर उभं करा आणि नुसत्या आईचं वजन वजा करा. शुद्धीवर असेल, उलट्या नसतील आणि लगेच ऑपरेशनची शक्यता नसेल तर पॅरासिटामॉल आल्या आल्या द्या, कारण त्याचा असर व्हायला अर्धा ते एक तास लागतो. टाके घातल्यावर देण्यात फारसा अर्थ नाही. डोस किलोला १५ मि.ग्रॅ. १२ किलोच्या लेकराला १८० मि.ग्रॅ., म्हणजे २५० च्या सिरपचे (५ मि.ली.त २५० मि.ग्रॅ.) ३.६ मि.ली. किंवा १२५ च्या सिरपचे (५ मि.ली.त १२५ मि.ग्रॅ.) ७.२ मि.ली. थेंबांच्या बाटलीत मात्र १ मि.ली.त १०० मि.ग्रॅ. असतात, तिथे १.८ मि.ली.च पुरतात. घोळ नेमका इथे होतो: घरी ‘थेंब’ चमच्याने पाजलेले असतात. म्हणून आधी काय, किती आणि केव्हा दिलं ते विचारा. माप सुई काढलेल्या सिरिंजने घ्या.

आयब्युप्रोफेन किलोला १० मि.ग्रॅ. सहा महिन्यांखाली, डेंग्यूची शंका असताना किंवा जुलाब-उलट्यांनी सुकलेल्या लेकराला ते नको. हाड मोडलं असेल तर औषधाचा असर होईपर्यंत थांबू नका, आधी फळी बांधा. हाड हलायचं थांबलं की निम्मं रडणं थांबतं. दुखणं सिरपच्या पलीकडचं असेल तर शिरेतून मॉर्फिन किलोला ०.१ मि.ग्रॅ. हळूहळू, श्वासावर लक्ष ठेवून. १२ वर्षांखाली ट्रॅमाडॉल देऊ नये. पोट दुखतंय म्हणून वेदनाशामक रोखून धरण्याची जुनी सवयही सोडावी, त्याने निदान चुकत नाही.

आता बसवणं. लेकराला टेबलावर उताणं झोपवून हातपाय दाबले की त्याची भीती तिथेच दुप्पट होते. त्याऐवजी आईने खुर्चीत बसावं, लेकरू छातीला छाती लावून मांडीवर, त्याचे पाय तिच्या कमरेच्या दोन्ही बाजूंनी. ज्या हाताला सुई लावायची तो आईच्या काखेखालून मागे काढा. मिठी आईची, हात सिस्टरच्या ताब्यात. शीर दिसत नसेल तर कोमट ओल्या फडक्याने हात दोन-तीन मिनिटं गुंडाळा. एकाच माणसाने दोनदा टोचून शीर मिळाली नाही तर दुसऱ्याला बोलवा. तिसऱ्यांदा टोचताना त्याच माणसाचा हात थरथरतो.

‘काही दुखत नाही’ असं म्हणू नका. पहिल्या टोचणीलाच खोटं पडतं आणि मग पुढचं काहीच लेकरू मानत नाही. ‘मुंगी चावल्यासारखं होईल, मी तीन म्हणेपर्यंत’ हे खरं आहे. ‘टोचू का?’ असं विचारू नका, ‘नको’ म्हटलं तर तुम्ही थांबणार आहात का? विचारायचं ते ‘उजवा हात देतोस का डावा?’ आजी ‘ऊगं राहा, नाहीतर डॉक्टर मोठी सुई देतील’ म्हणत असेल तर तिला गोडीने थांबवा. तीन वर्षांच्या पुढच्या लेकराला फुंकर मारायला लावा: साबणाचे फुगे, नसतील तर हातमोज्याचा फुगा. मोबाईलवर गाणं लावायचं तर सुईच्या आधी लावा, रडं सुरू झाल्यावर त्याकडे कोणी बघत नाही.

तान्ह्यांसाठी सगळ्यात चांगलं औषध आईच्या अंगावरच आहे. टोचण्याआधीच पाजायला घ्या आणि टोचतानाही पाजू द्या. ते शक्य नसेल तर २५ टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचं पाणी) १ ते २ मि.ली., दोन मिनिटं आधी, जिभेच्या टोकावर थेंब थेंब. मध चाटवू नका. वर्षाखालच्या बाळाला मधातून बोट्युलिझम, म्हणजे जंतूच्या विषाने अंग लुळं पडण्याचा आजार, होऊ शकतो.

टाक्यांसाठी लिग्नोकेन, म्हणजे जागा बधिर करणारं इंजेक्शन. जास्तीत जास्त किलोला ४ मि.ग्रॅ. धरा: १२ किलोला ४८ मि.ग्रॅ., म्हणजे २ टक्क्यांचं २.४ मि.ली. तेवढंच सलाईन मिसळलं की १ टक्क्याचं ४.८ मि.ली. होतं आणि मोठी जखम भागते. औषध जळजळतं ते आम्ल असल्याने. ९ भाग लिग्नोकेनला १ भाग सोडिअम बायकार्बोनेट मिसळा आणि लगेच वापरा. व्हायल मुठीत धरून कोमट करा, इन्सुलिनची बारीक सुई घ्या, कातडीतून न टोचता जखमेच्या आतल्या कडेतून शिरा, आणि हळू सोडा. मग पाच मिनिटं थांबा. घाईत हे थांबणंच गळतं, आणि पहिला टाका बधिर न झालेल्या कातडीत पडतो. तोंडाभोवती बधिरपणा, अंग उडणं दिसलं तर लगेच थांबा.

झोपेचं औषध म्हणजे वेदनेचं औषध नव्हे. ट्रायक्लोफॉस पाजलेलं लेकरू गुंगीत असतं, दुखणं तसंच असतं. फेनरगन दोन वर्षांखाली देऊच नका, श्वास बंद पडू शकतो. केटामाईन (भुलीचं औषध) द्यायचं तर ऑक्सिजन, सक्शन, ॲम्ब्यू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी), पल्स ऑक्सिमीटर आणि श्वासनलिका सांभाळू शकणारा माणूस, हे सगळं हाताशी हवं. एकही कमी असेल तर पुढे पाठवा.

कुत्रा चावल्यावर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुणं. इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) जखमेत भरणं फार दुखतं, पण लेकरू रडतंय म्हणून ते मांडीत टोचून मोकळं होणं जिवावर बेतू शकतं. जखमेत बसेल तेवढं भरायचंच. भाजल्यावर २० मिनिटं साधं वाहतं पाणी, बर्फ किंवा टूथपेस्ट नाही. लहान बाळाचं बाकीचं अंग झाकून ठेवा. चिकटलेली पट्टी ओढू नका, सलाईनने भिजवून सुटू द्या.

विंचवाबाबत एक इशारा. चावलेल्या जागी ॲड्रेनालिन नसलेलं लिग्नोकेन दिलं की कळ थांबते. पण दरदरून घाम, थंड पडलेले हातपाय, उलट्या आणि लाळ ही भीती नव्हे, ते विष चढल्याचं लक्षण आहे. तिथे समजूत काढत बसू नका, प्राझोसिन (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) किलोला ३० मायक्रोग्रॅम तोंडाने द्या आणि लेकराला आडवंच ठेवा, उठवलं की रक्तदाब कोसळतो.

१०८ मधून घाटीला (छत्रपती संभाजीनगरचं सरकारी रुग्णालय) किंवा अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजला पाठवताना चिठ्ठीवर वजन, दिलेली औषधं, डोस आणि घड्याळातली वेळ लिहा. आईला पुढे ड्रायव्हरजवळ नाही, मागे लेकराजवळ बसवा.