गच्ची गळते आणि तापते: स्लॅबचं काम कोणत्या क्रमानं करावं

मराठवाड्यात पाऊस कमी, तरी स्लॅब गळतात. त्याला पावसापेक्षा ऊन जास्त कारणीभूत आहे. एप्रिल-मेच्या दुपारी उघड्या स्लॅबवर अनवाणी पाय ठेवता येत नाही, पहाटे तोच निवलेला असतो. रोजच्या या फुगण्या-आकसण्यानं भेगा पडतात आणि मृगाचा पाऊस त्यातून खाली उतरतो. नुसतं वॉटरप्रूफ कोटिंग मारून ऊन तसंच ठेवलं, तर भेगा पुन्हा उघडतात. गळती आणि उकाडा यांचा विचार एकत्रच करावा.

आधी पाणी कुठून येतं ते बघा. भर उन्हाळ्यातही ओल असेल तर दोष टाकीचा किंवा नळाच्या पाईपचा, गच्चीला हात लावायची गरज नाही. एरवी पन्हाळीचं तोंड बंद करून गच्चीवर दोन इंच पाणी २४ ते ४८ तास साठवा. ओल फक्त भिंतीलगत आली तर कठड्याचा सांधा गेलाय. छताचं प्लास्टर पडून गंजलेली सळई दिसत असेल, तर गच्चीवर पाणी साठवू नका. आधी इंजिनिअरला दाखवा. वरून केलेलं कुठलंही वॉटरप्रूफिंग गंजलेल्या सळईला वाचवत नाही.

भेगा भरताना मिस्त्री सरळ सिमेंटची लापशी ओततात, ती पहिल्याच उन्हाळ्यात सुटते. एक मिलिमीटरपेक्षा मोठी भेग छिन्नीनं १० मिमी रुंद, १० मिमी खोल उकरा, धूळ काढा, ओलसर करा आणि एकास तीन मसाल्यात (एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू) सिमेंटच्या वजनाच्या २० टक्के लेटेक्स (मसाला चिकटवणारं रबरी द्रावण) घालून भरा. दरवर्षी त्याच जागी उघडणारी भेग मात्र हलती असते. तिथं सिमेंट टिकत नाही, पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, म्हणजे भेगेबरोबर ताणलं जाणारं भरण लागतं आणि तेही कोरड्या भेगेत.

मग उतार. दहा फुटांना सव्वा ते दीड इंच. पाणी उतरायचा चार इंची पाईप साधारण ४०० चौरस फुटांना एक धरावा, पण गच्ची लहान असली तरी दोन ठेवाच. एकात पालापाचोळा अडकला की गच्चीचा हौद होतो.

उतारासाठी आपल्याकडे ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा मसाल्यात बसवलेला थर घालतात. विटा पक्क्या भाजलेल्या, टणटण वाजणाऱ्या घ्या. अर्धवट भाजलेली पिवळी वीट पाणी धरून ठेवते. तुकडे रात्रभर भिजवा. स्लॅबवर एकास चार मसाल्याचा पाऊण इंच थर, त्यावर तुकडे उभे, मध्ये अर्धा-पाऊण इंच फट, फटी मसाल्यानं गच्च. वरून पाऊण इंचाचा घोटीव थर. कठड्याच्या कोपऱ्यात गोलाईचा वाटा (मसाल्याची गोल किनार) करून तो सहा ते नऊ इंच भिंतीवर चढवा. बहुतेक गळती इथंच सुरू होते, आणि घाईतही हेच काम राहतं. नंतर आळं करून किमान सात दिवस, जमल्यास चौदा, पाणी धरा.

म्हणूनच कोब्याचं काम मे महिन्यात काढू नये. विहीर-बोअर आटलेली असते, टँकरच्या पाण्यावर तराई (असं पाणी धरणं) होत नाही आणि कोबा उन्हानं तडकतो. दिवाळीनंतर करून घ्या. चार इंची कोब्याचं वजन दर चौरस फुटाला १८ ते २० किलो, म्हणजे हजार चौरस फुटांच्या गच्चीवर १८ ते २० टन. जुना कोबा न काढता त्यावर दुसरा कधीच घालू नका.

कोबा पूर्ण वाळल्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये कोटिंग करा, सकाळी दहाच्या आत. आधी पातळ प्रायमर, मग दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. पहिला हात ओला असतानाच त्यात फायबरची जाळी दाबायची, वाट्यावर तर नक्कीच. दोन्ही हात मिळून दर चौरस मीटरला किलोभर माल जायला हवा. हजार चौरस फुटांना शंभर किलोच्या आसपास. चाळीस किलोत भागलं असेल तर पाणी मिसळलंय.

उकाड्यासाठी स्वस्तातला उपाय म्हणजे हेच कोटिंग पांढरं घेणं. धूळ बसली की त्याचा गुण कमी होतो, म्हणून मार्चमध्ये गच्ची धुवा. पैसे असतील तर कोटिंगवर ५० मिमीचे एक्सपीएस बोर्ड (उष्णता अडवणारे घट्ट फोमचे पत्रे), वर जिओटेक्स्टाइल (कृत्रिम धाग्याचं कापड) आणि जाळी टाकून दोन इंच काँक्रीट, दहा-दहा फुटांवर सांधे सोडून. हे वजनही स्लॅबला पेलेल का, ते आधी विचारून घ्या. बोर्डामुळे खालच्या कोटिंगलाही ऊन लागत नाही. साधा थर्माकोल इथं वापरू नका, तो दबतो आणि हळूहळू पाणी पितो.

गच्चीवर कुरडया-पापड वाळतात, रात्री खाटा पडतात. खाटेच्या लोखंडी पायांनी कोटिंग फाटतं, त्यांना रबरी टोप्या घाला. सोलर आणि डिशचे स्टँड भोक पाडून बसवू देऊ नका, काँक्रीटच्या ठोकळ्यावर बसवा.

माळवदाच्या, म्हणजे लाकडावर मातीचं छत असलेल्या घरांना यातलं काहीच लागू नाही. मातीवर सिमेंटचा थर तडकतो, पाणी आत शिरतं आणि लाकूड कुजतं. तिथं पांढरी मातीच बरी, पण दरवर्षी नुसती भर घालत जाऊ नका. १९९३ च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि जड माळवदं यांनीच माणसं गाडली. जुनी माती खरवडून उतरवा, मगच नवी चढवा.