जुन्या तबकड्या आणि मेणाची सिलिंडरं: साफसफाईच्या नादात या चुका टाळा

माळ्यावरून ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या खाली आल्या की पहिला हात कापसाकडे जातो आणि दुसरा स्पिरिटच्या बाटलीकडे. ती बाटली आधी बाजूला ठेवा. माझ्याकडे आलेल्या बिघडलेल्या तबकड्यांपैकी बहुतेक धुळीने बिघडलेल्या नव्हत्या, पुसून बिघडवलेल्या होत्या.

स्पिरिट, सॅनिटायझर, कोलन वॉटर

७८ गतीची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी लाखेची असते. लाखेत दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळून ती गरम साच्यात दाबलेली असते. आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. लाकडाला पॉलिश करणारे लाख स्पिरिटमध्येच भिजत घालतात, ते याचसाठी.

एक गृहस्थ वडिलांचा संग्रह घेऊन आले. आणण्याआधी त्यांनी सगळ्या तबकड्या मनापासून पुसल्या होत्या. म्हणाले, "काय मळ निघाला हो! कापूस काळाकुट्ट. पुन्हा पुसलं तरी निघतच होता." तो मळ नव्हता. तबकडीच उतरत होती. खिडकीपाशी तिरपी धरली तर चकाकी गेलेली, बोट फिरलं तिथे राखाडी पट्टे. सुई ठेवली तर गाण्यावर सतत खरखर. एका तबकडीत अगदी लेबलाजवळच्या खाचांपर्यंत कापूस पोचला नव्हता. तिथे आल्यावर गायकाचा आवाज एकदम स्वच्छ झाला. आधीचं सगळं असंच असणार होतं, हे तेव्हा त्यांना कळलं. यावर उपाय नाही. विरघळलेली खाच परत येत नाही.

घोळ होतो तो असा, की विनाइलच्या, म्हणजे नंतरच्या प्लास्टिकच्या एलपीसाठी दिलेला सल्ला लोक ७८ वर चालवतात. विनाइल साफ करायच्या बऱ्याच द्रावणांत अल्कोहोल असतं. बाटलीवर काय लिहिलंय ते वाचायला मिनिटही लागत नाही, पण तेवढा धीर नसतो.

माझी पद्धत साधी आहे. आधी कोरडा मऊ ब्रश, खाचांच्या दिशेने, गोल. पुष्कळदा इथेच काम संपतं. तरीही चिकट घाण राहिली तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या लिक्विडचा एखादा थेंब. लेबल कोरडं ठेवायचं, मग दुसऱ्या स्वच्छ पाण्याने साबण पूर्ण काढायचा, सुती मऊ कापडाने टिपायचं आणि तबकडी उभी वाळू द्यायची. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार खाचांत बसतात. ऊन नको, हेअर ड्रायरही नको. लाख मऊ होऊन तबकडी वाकते. तडा गेलेल्या तबकडीला पाणी लावू नका. काही तबकड्यांच्या पोटात कागदाचा थर असतो, पाणी शिरलं की तो फुगतो.

दोन अपवाद ओळखायला शिका. मधल्या भोकाच्या कडेला ॲल्युमिनियम चमकत असेल तर ती लाखेची नाही, धातूवर लॅकरचा (एक प्रकारच्या रोगणाचा) थर देऊन एकेकटी कोरलेली प्रत आहे. असा थर सुकून सोलला जातो. ती पुसू नका, जाणकाराला दाखवा. दुसरा अपवाद एडिसनची जाडजूड डायमंड डिस्क, १९१२ ते १९२९ मधली. तिच्या गाभ्यात लाकडाची पूड असते, म्हणून तिला पाणी वर्ज्य. काही संग्राहक ती अल्कोहोलने पुसतात. मी कोरड्या ब्रशवर थांबतो.

मेणाचं सिलिंडर मुठीत धरणं

मेणाचं सिलिंडर म्हणजे तबकडीआधीचं, बाहेरून आवाजाच्या खाचा कोरलेलं पोकळ नळकांडं. ते मुठीत धरण्याचा मला सर्वांत जास्त त्रास होतो. लोक ते ग्लास उचलावा तसं उचलतात. गार खोलीतलं मेण उबदार तळव्यात आलं की तडकू शकतं, आणि बोटांचा तेलकटपणा थेट खाचांवर बसतो. दोन बोटं आतल्या पोकळीत घाला, हलकेच फाकवा आणि तसंच उचला. बाहेरच्या बाजूला स्पर्शच नको. दुसऱ्या जागेतून आणलं असेल तर डब्यातच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी. ती मेण खाते, त्यामुळे ठिपका काढला तरी खालचा आवाज गेलेलाच असतो. ओलं कापड फिरवलंत तर उरलेलंही जाईल, कारण हे मेण खरं तर धातूचा साबण आहे. मास्क लावून मऊ ब्रशने वरवरची भुकटी झाडा, ते सिलिंडर बाकीच्यांपासून वेगळं ठेवा आणि कोंदट डबा बदला.

१९१२ पासूनची निळी सिलिंडरं सेल्युलॉइडची, आत प्लास्टर. दमटपणाने प्लास्टर फुगतं आणि सिलिंडर फोनोग्राफच्या (ते वाजवणाऱ्या यंत्राच्या) दांड्यावर घट्ट बसतं. दाबून बसवू नका.

बाकीच्या, थोडक्यात

तबकड्या आडव्या रचू नका. उभ्या ठेवा, तिरप्या कलू देऊ नका.

खाचांत तेल किंवा फर्निचर पॉलिश घालणं बंद करा. चमक चार दिवसांची, धूळ कायमची.

पीव्हीसीच्या पिशव्या नकोत. आम्लमुक्त कागदाची पाकिटं घ्या.

पोलादी सुई प्रत्येक बाजूनंतर बदला. दगडाची पूड तिचं टोक एकाच बाजूत घासून टाकते, आणि त्या धारदार कडा पुढची बाजू कोरतात. "अजून चालतेय की" हे ऐकून कान किटले.

चावीच्या ग्रामोफोनवर विनाइल लावू नका. त्याचा साउंडबॉक्स, म्हणजे सुई धरणारा डबीसारखा भाग, १०० ग्रॅमहून अधिक भार टाकतो. आणि एलपीची सुई ७८ ला चालत नाही. ७८ ची खाच रुंद, ती सुई तळाशी भटकते आणि तिथली सगळी घाण ऐकवते. ७८ साठी सुमारे ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वेगळी सुई घ्या. मेणाचं सिलिंडर तर प्रत्येक वाजवण्यात झिजतं, म्हणून पहिल्यांदा वाजवाल तेव्हाच हलक्या इलेक्ट्रिक पिकअपने (खाचेतला आवाज विजेच्या संकेतात बदलणाऱ्या सुईने) ध्वनिमुद्रण करून घ्या.