बाल्डर्स गेट ३: करिझ्माच्या जोरावर मल्टिक्लास पात्र कसं घडवायचं

'बाल्डर्स गेट ३' या रोल-प्लेइंग व्हिडिओ गेममध्ये मल्टिक्लास पात्र, म्हणजे एकाहून जास्त क्लास (लढण्याचे आणि जादूचे प्रकार) घेतलेलं पात्र, कमकुवत निघालं तर दोष बहुतेक वेळा क्लासच्या निवडीत नसतो. दोन क्लासना दोन वेगळे गुण (स्ट्रेंथ, करिझ्मा यांसारख्या क्षमता) लागतात, पॉइंट दोन्हीकडे विखुरतात आणि शेवटी कुठलीच बाजू धड राहत नाही. करिझ्माच्या बाबतीत ही अडचण येत नाही. बार्ड, पॅलाडिन, सॉर्सरर आणि वॉरलॉक हे चारही क्लास स्पेलसाठी (जादूच्या मंत्रांसाठी) करिझ्माच वापरतात, आणि लोकांशी बोलतानाचे पर्सुएशन, डिसेप्शन, इंटिमिडेशन आणि परफॉर्मन्सचे फासेही त्याच आकड्यावर पडतात. एका गुणात घातलेला पॉइंट इथे तीन ठिकाणी कामाला येतो. या खेळात मल्टिक्लाससाठी किमान गुणांची अटही नाही, त्यामुळे कुठलीही लेव्हल वाढताना 'अ‍ॅड क्लास' दाबून नवा क्लास घेता येतो.

तरी लेव्हल १२ ला थांबते हे विसरून चालत नाही. दुसऱ्या क्लासला दिलेली प्रत्येक लेव्हल पहिल्याच्या शेपटातून कापली जाते. म्हणून 'या लेव्हलला मला नेमकं काय मिळतंय?' याचं एका वाक्यात उत्तर देता येत नसेल, तर ती लेव्हल घेऊ नका.

आधी हिशेब समजून घ्या

फीट, म्हणजे गुण वाढवणारी किंवा खास कौशल्य देणारी निवड, पात्राच्या एकूण लेव्हलवर मिळत नाही, त्या त्या क्लासच्या ४, ८ आणि १२ व्या लेव्हलला मिळते. सॉर्सरर ९ आणि वॉरलॉक ३ केलं तर दोन फीट. सॉर्सरर ८ आणि वॉरलॉक ४ केलं तर तीन. कुठलाही क्लास ३ वर सोडण्याआधी थांबून विचार करा.

स्पेल स्लॉट, म्हणजे स्पेल टाकताना खर्च होणाऱ्या जागा, एकत्र मोजले जातात. बार्ड आणि सॉर्सररची लेव्हल पूर्ण धरतात, पॅलाडिनची अर्धी. पॅलाडिन ६ आणि सॉर्सरर ६ म्हणजे ३ + ६ = ९, आणि नवव्या लेव्हलच्या जादूगाराचे स्लॉट मिळतात: पहिल्या पातळीचे ४, दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या पातळीचे प्रत्येकी ३, पाचव्याचा १. पण स्पेल शिकता येतात ते त्या एका क्लासच्या लेव्हलनुसारच. सॉर्सरर ६ ला तिसऱ्या पातळीपर्यंतचेच स्पेल येतात. वरचे स्लॉट तेच स्पेल वाढवून टाकायला किंवा स्माइटला (पॅलाडिन लागलेल्या वारावर स्लॉट खर्चून करतो ते जादा नुकसान) वापरायचे. पाचव्या पातळीचा स्लॉट दिसतोय पण त्या पातळीचा स्पेल यादीत नाही, याचं कारण हेच.

वॉरलॉकचे स्लॉट या बेरजेत येत नाहीत. ते वेगळे राहतात आणि शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती) घेतली की परत भरतात. पॅलाडिन हे स्लॉट स्माइटला वापरू शकतो. दिवसाला दोन शॉर्ट रेस्ट मिळतात आणि गटात लेव्हल २ चा बार्ड असेल तर साँग ऑफ रेस्टमुळे आणखी एक. वॉरलॉक जोडलेलं पात्र असलेल्या गटात बार्ड असावा तो यासाठी.

एक्स्ट्रा अटॅक, म्हणजे एकाच खेपेला दुसरा वार, दोन क्लासकडून मिळाला तरी एकदाच लागू होतो. पॅलाडिन ५ आणि कॉलेज ऑफ सोर्ड्सचा बार्ड ६ एकत्र केले तर तिसरा वार मिळत नाही, एक मोठी गोष्ट नुसती वाया जाते. याला अपवाद पॅक्ट ऑफ द ब्लेडच्या (शस्त्राशी करार केलेल्या) वॉरलॉक ५ चा: बॅलन्स्ड आणि टॅक्टिशियन या काठिण्य पातळ्यांत तो पॅलाडिनच्या एक्स्ट्रा अटॅकवर चढतो आणि एका अ‍ॅक्शनमध्ये तीन वार होतात. सगळ्यात कठीण असलेल्या ऑनर मोडमध्ये ही सवलत काढून टाकलेली आहे.

पहिला क्लास कोणता?

सेव्हिंग थ्रोची (जादू किंवा धोका टाळायच्या फाशाची) प्रोफिशियन्सी (प्रावीण्याचा बोनस) फक्त पहिल्या क्लासकडून मिळते. सॉर्सररची कॉन्स्टिट्यूशन आणि करिझ्मा, बार्डची डेक्स्टेरिटी आणि करिझ्मा, पॅलाडिन आणि वॉरलॉकची विस्डम आणि करिझ्मा. कॉन्सन्ट्रेशन (चालू स्पेल धरून ठेवणारी एकाग्रता, ती कॉन्स्टिट्यूशनच्या फाशावर टिकते) टिकवणारं पात्र हवं असेल तर सुरुवात सॉर्सररने करा. हेवी आर्मर हवं असेल तर पॅलाडिनने करा, कारण पॅलाडिन मागाहून जोडला तर मीडियम आर्मर आणि शील्डपर्यंतचीच प्रोफिशियन्सी मिळते. अंगावरच्या आर्मरची प्रोफिशियन्सी नसेल तर स्पेल टाकताच येत नाही, हेही इथेच लक्षात ठेवा.

गुणांसाठी २७ पॉइंट असतात, वर +२ आणि +१ हवे तिथे देता येतात. डेक्स्टेरिटीवर लढणाऱ्या किंवा स्पेल टाकणाऱ्या पात्रासाठी बहुतेक वेळा पुरणारी मांडणी अशी: स्ट्रेंथ ८, डेक्स्टेरिटी १६, कॉन्स्टिट्यूशन १४, इंटेलिजन्स ८, विस्डम १०, करिझ्मा १७. हातात जड शस्त्र घेणाऱ्या पॅलाडिनसाठी: स्ट्रेंथ १६, डेक्स्टेरिटी १०, कॉन्स्टिट्यूशन १४, इंटेलिजन्स ८, विस्डम ८, करिझ्मा १७.

१७ हा विषम आकडा मुद्दाम ठेवला आहे. पहिल्या अ‍ॅक्टमध्ये आंटी एथेल या चेटकिणीकडून सौदा करून कुठल्याही एका गुणाला +१ मिळवता येतो. त्याने करिझ्मा १८ होतो आणि पहिल्या फीटने थेट २०. तो सौदा करायचा नसेल तर अ‍ॅक्टर फीट घ्या: करिझ्मा +१, शिवाय डिसेप्शन आणि परफॉर्मन्सला दुप्पट प्रोफिशियन्सी.

पॅलाडिन ६, सॉर्सरर ६

या चौघांच्या जोड्यांत सगळ्यात भरवशाची जोडी हीच. पॅलाडिन सलग ६ पर्यंत न्या. पाचव्या लेव्हलला एक्स्ट्रा अटॅक मिळतो, आणि सहाव्याला ऑरा ऑफ प्रोटेक्शन: तुमच्या आणि ३ मीटरच्या आतल्या सोबत्यांच्या प्रत्येक सेव्हिंग थ्रोला तुमचा करिझ्मा मॉडिफायर मिळतो. करिझ्मा २० असेल तर +५. बाराव्या लेव्हलची पूर्ण प्रोफिशियन्सी +४ असते, म्हणजे सॉर्सररने सुरुवात न केल्याचं नुकसान एकटा ऑरा भरून काढतो.

त्यानंतर सॉर्सरर. तिसऱ्या लेव्हलला क्विकन्ड स्पेल (स्पेल बोनस अ‍ॅक्शनमध्ये टाकायची सोय) आणि होल्ड पर्सन (माणसाला जागीच अडकवणारा स्पेल) दोन्ही मिळतात आणि एकूण नवव्या लेव्हलला पात्राचं खरं रूप दिसतं. क्विकन्डला ३ सॉर्सरी पॉइंट लागतात. बोनस अ‍ॅक्शनमध्ये होल्ड पर्सन टाका, समोरचा अडकला की अ‍ॅक्शनमध्ये दोन वार करा. लकवा झालेल्यावर जवळून बसलेला प्रत्येक वार क्रिटिकल असतो आणि क्रिटिकलमध्ये स्माइटचे फासेही दुप्पट होतात. पहिल्या पातळीच्या स्लॉटचा स्माइट २d८ (आठ बाजूंचे दोन फासे) चा, क्रिटिकलला ४d८. दुसऱ्या पातळीचा ३d८ चा, म्हणजे ६d८.

होल्ड पर्सन फक्त ह्युमनॉइडवर चालतो. राक्षस, जनावरं, मेलेले जीव यांच्यावर तो वाया घालवू नका. सॉर्सरर ३ ला पॉइंटही तीनच असतात, म्हणजे एकच क्विकन्ड. दुसरा हवा असेल तर तिसऱ्या पातळीचा एक स्लॉट मोडून ३ पॉइंट करा.

स्माइटची सेटिंग रिअ‍ॅक्शनच्या पानावर 'विचारा' वर ठेवा. वार लागला, त्यातही क्रिटिकल लागला, हे कळल्यावर स्लॉट खर्च करायचा. आधीच स्माइटचं बटण दाबून वार केला तर दोन लढायांत स्लॉट संपतात आणि मग पात्र 'कमी पडतंय' असं वाटायला लागतं.

सॉर्सरर १०, वॉरलॉक २

वॉरलॉकच्या दोन लेव्हल कशासाठी? एल्ड्रिच ब्लास्ट (किरण सोडणारा स्पेल) आणि अ‍ॅगनायझिंग ब्लास्टसाठी. ब्लास्टचे किरण पात्राच्या एकूण लेव्हलवर वाढतात: पाचव्याला दोन, दहाव्याला तीन. प्रत्येक किरण १d१० चा, आणि अ‍ॅगनायझिंगमुळे प्रत्येकावर करिझ्मा वेगळा जोडला जातो. सोबत रिपेलिंग ब्लास्ट घेतला तर प्रत्येक किरण शत्रूला ४.५ मीटर मागे ढकलतो. कड्याच्या काठावर उभ्या शत्रूला फासे मोजायची गरज उरत नाही.

क्रम असा ठेवा: सॉर्सरर १, मग वॉरलॉक २, मग पुढच्या सगळ्या लेव्हल सॉर्सररच्या. पाचव्या लेव्हलला दोन किरण आणि क्विकन्ड स्पेल एकदमच हातात येतात. याची किंमत म्हणजे पहिली फीट सहाव्या लेव्हलला आणि फायरबॉल सातव्याला. फायरबॉलवरच जीव असेल तर सॉर्सरर ५ पूर्ण करून मग वॉरलॉक जोडा.

दहाव्या लेव्हलला करिझ्मा २० धरून सगळे किरण लागले तर एका ब्लास्टचं सरासरी नुकसान ३१.५, क्विकन्डने दुसरा ब्लास्ट टाकला की ६३. हेक्स (शत्रूला शाप देणारा स्पेल) असेल तर प्रत्येक किरणाला आणखी १d६. पण हेक्सलाही बोनस अ‍ॅक्शन लागते आणि क्विकन्डलाही, त्यामुळे पहिल्या फेरीत दोन्ही जमत नाही. हेक्स आधीच्या फेरीत लावा. हेस्ट (वेग वाढवणारा स्पेल) आणि हेक्स दोन्ही कॉन्सन्ट्रेशन मागतात. हेस्ट सोबत्याकडून घ्या.

वॉरलॉक आणि पॅलाडिन

पॅक्ट ऑफ द ब्लेडने बांधलेल्या शस्त्राचा वार आणि नुकसान करिझ्मावर चालतं. स्ट्रेंथ ८ ठेवूनही मोठी तलवार नीट चालते. मात्र पॅक्ट वॉरलॉक ३ ला मिळतो, तोवर पात्र लंगडत चालतं. तो काळ हिल जायंट स्ट्रेंथच्या एलिक्सिरवर काढता येतो. लाँग रेस्टपर्यंत स्ट्रेंथ २१ राहते. ऑनर मोड सोडून इतरत्र पॅलाडिन ७ आणि वॉरलॉक ५.

एप्रिल २०२५ च्या पॅच ८ (गेमचं अपडेट) मध्ये हेक्सब्लेड हा वॉरलॉकचा उपप्रकार आला आणि ऑनर मोडचं गणित सोपं झालं. शस्त्र बांधणं त्याला पहिल्याच लेव्हलला मिळतं. म्हणून हेक्सब्लेड १ आणि पॅलाडिन ११: अकराव्याच्या इम्प्रूव्हड डिव्हाइन स्माइटने प्रत्येक वाराला फुकट १d८ मिळतो, एकही स्लॉट खर्च न होता.

बोलणारं पात्र

संवादात जो पुढे जातो त्याचेच आकडे मोजले जातात. करिझ्मा असलेलं पात्र गटाच्या पुढे ठेवा, नाहीतर मागून धावत आलेला रांगडा सोबतीच संभाषणात अडकतो. पॅलाडिनच्या यादीत डिसेप्शन नाही. बॅकग्राउंड शार्लटन घेतलं की ते येतं, आणि क्लासकडून पर्सुएशन आणि इंटिमिडेशन घ्यायला जागा राहते.

फक्त बोलण्यासाठी बार्डच्या तीन लेव्हल महाग वाटतात, पण तिसऱ्याला एक्स्पर्टीज (दुप्पट प्रोफिशियन्सी) मिळतं. बाराव्या लेव्हलला करिझ्मा २० आणि पर्सुएशनमध्ये एक्स्पर्टीज म्हणजे ५ + ८ = १३, त्यावर गायडन्स या स्पेलचा १d४. तरीही फाशावर १ पडला तर हार ठरलेली. त्यासाठी फासा पुन्हा टाकू देणारे इन्स्पिरेशनचे पॉइंट राखून ठेवा.

बार्ड मुख्य ठेवायचा असेल तर सोर्ड्सचा बार्ड १० आणि पॅलाडिन २. बार्डच्या सहाव्याला एक्स्ट्रा अटॅक, दहाव्याला मॅजिकल सीक्रेट्समधून कुठल्याही क्लासचे दोन स्पेल, आणि ११ व्या लेव्हलच्या जादूगाराचे स्लॉट स्माइटसाठी. पॅलाडिनच्या लेव्हल बार्ड ६ झाल्यावर घ्या, आधी घेतल्या तर एक्स्ट्रा अटॅक आठव्या लेव्हलपर्यंत लांबतो.

शेवटी क्लेरिक किंवा विझार्डची एक लेव्हल चिकटवायचा मोह होतो. स्क्रोल आणि वस्तूंमधून टाकलेले स्पेल सगळ्यात नंतर जोडलेल्या क्लासचा गुण वापरतात. म्हणजे विझार्ड शेवटी जोडला तर करिझ्मा २० असूनही स्क्रोल ८ च्या इंटेलिजन्सवर चालतो. ती लेव्हल हवीच असेल तर छावणीतल्या विदर्सकडे १०० सोन्यात पात्र पुन्हा मांडा, तो क्लास आधी घ्या आणि करिझ्माचा क्लास सगळ्यात शेवटी जोडा.