कमरेला बाळगण्यासाठी धातूच्या फ्रेमचे कॉम्पॅक्ट पिस्तूल कसे निवडावे

कपड्यांखाली लपवून बाळगण्यासाठी पिस्तूल हवे आहे असे सांगितले, की अमेरिकेतील दुकानदार आज बहुधा पॉलिमरच्या, म्हणजे साध्या भाषेत मजबूत प्लास्टिकच्या फ्रेमचे (मूठ आणि खालचा सांगाडा मिळून फ्रेम) पिस्तूल आधी काउंटरवर ठेवतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. ग्लॉक १९ रिकाम्या मॅगझिनसह, म्हणजे गोळ्यांच्या पेटीसह, सुमारे ६७० ग्रॅम भरते, त्यात १५ गोळ्या मावतात आणि ते घामाला फारशी दाद देत नाही. त्यामुळे दुप्पट ते पाचपट पैसे मोजून ॲल्युमिनियमच्या किंवा पोलादाच्या फ्रेमचे पिस्तूल घेणाऱ्याने आपण नेमके कशासाठी जास्त पैसे देत आहोत, हे दुकानात जाण्यापूर्वी स्वतःपाशी स्पष्ट करावे. धातूची फ्रेम हाताला जे देते त्याची किंमत ती कमरेकडून वसूल करते, आणि निवडीचे सगळे प्रश्न या एका व्यवहारातून निघतात.

परंतु पिस्तुलाआधी कायदा. अमेरिकेतील मराठी वाचकांपैकी बरेच जण एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असतात. अशा तात्पुरत्या व्हिसाधारकांना संघीय कायद्यानुसार, शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर बंदूक किंवा काडतुसे जवळ बाळगण्यास मनाई आहे, आणि नेमबाजीच्या रेंजवर भाड्याने घेतलेले पिस्तूल हातात धरणेही या मनाईतून सुटत नाही. ग्रीन कार्डधारक आणि नागरिक यांना खरेदी करता येते. दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो आणि पार्श्वभूमीची तपासणी होते. व्हिसावरच्या मित्रासाठी आपल्या नावावर पिस्तूल घेणे हा गंभीर संघीय गुन्हा आहे, भले त्यामागचा हेतू कितीही चांगला असो. बाळगण्याचे नियम राज्यागणिक बदलतात. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रूएन खटल्यात निकाल दिल्यापासून ‘विशेष कारण दाखवा, मगच परवाना देऊ’ ही अट राज्यांना लावता येत नाही, तरी न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया येथे मॅगझिनला १० गोळ्यांची मर्यादा आहे, आणि कॅलिफोर्नियात दुकानदार सामान्य ग्राहकाला राज्याच्या मान्य यादीतलेच नवे पिस्तूल विकू शकतो. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून बहुतेक प्रौढांना परवान्याविना पिस्तूल बाळगता येते. तरीही परवाना काढावा असेच मी सांगेन, कारण इतर अनेक राज्ये तो मानतात आणि त्याच्या परीक्षेत ३, ७ आणि १५ यार्डांवरून ५० गोळ्या झाडताना आपला नेम कितपत पक्का आहे हेही कळून येते. ही कलमे न्यायालयांत सतत हलत असतात, म्हणून खरेदीच्या आठवड्यात आपल्या राज्याचे नियम पुन्हा वाचून घ्यावेत.

आता वजनाचा हिशेब पाहू. सिग सॉअरचे पी२२९ हे या वर्गातील मापदंड मानावे असे पिस्तूल आहे: ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची फ्रेम, पोलादी स्लाइड (नळीवरचा, गोळी सुटताना मागे-पुढे सरकणारा भाग), आणि मॅगझिनसह सुमारे ९०० ग्रॅम. १५ गोळ्यांचे १८० ग्रॅम मिळवले तर ग्लॉक १९ साडेआठशेच्या आणि पी२२९ एक हजार ऐंशीच्या आसपास जाते. एकच काडतूस झाडल्यावर मागे येणाऱ्या पिस्तुलाची ऊर्जा त्याच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणजे धक्का ढोबळमानाने एक पंचमांशाने कमी होतो. हा फरक पहिल्या गोळीला जाणवत नाही. दुसरी आणि तिसरी गोळी त्याच जागी लावायची असते तेव्हा जाणवतो. मात्र केवळ वजनावर विसंबू नये. पी२२९ ची नळी हातापासून बरीच उंच बसते, त्यामुळे तोंड वर उसळते. उलट सीझेडच्या पी-०१ मध्ये स्लाइड फ्रेमच्या आतल्या बाजूच्या खाचांतून धावते, नळी मुठीच्या जवळ राहते, आणि म्हणून सिगपेक्षा सुमारे शंभर ग्रॅम हलके असूनही ते हातात शांत वाटते. याच रचनेचा तोटा असा, की पकडायला स्लाइडचा पृष्ठभाग थोडा उरतो, आणि ज्यांच्या बोटांत जोर कमी आहे त्यांना ती मागे खेचणे जड जाते. पी-०१ किमतीने ‘प्रीमियम’ नाही, हेही इथेच सांगतो; झेक पोलिसांसाठी घडवलेल्या या पिस्तुलाशी तुलना केल्याशिवाय तीन हजार डॉलरच्या पिस्तुलाकडे पाहू नये, असे माझे मत आहे.

पोलादी फ्रेमबद्दल मात्र मी सावधच आहे. पोलादाची घनता ॲल्युमिनियमच्या पावणेतीन पटींहून अधिक. वॉल्थरचे क्यू४ स्टील फ्रेम रिकामेच सव्वा अकराशे ग्रॅमच्या घरात जाते. रेंजवर ते लोण्यासारखे चालते, पण बारा तास कमरेला बांधून गाडी चालवणे, किराणा उचलणे आणि मुलांना शाळेतून आणणे या सगळ्यात ते दुसऱ्या आठवड्यात घरच्या तिजोरीत राहू लागते, आणि मग लपवून बाळगण्याचे पिस्तूल घेण्याचा हेतूच संपतो.

यानंतर ट्रिगरची पद्धत ठरवावी, कारण धातूच्या फ्रेमच्या पिस्तुलांत खरी विविधता तिथेच आहे. पी२२९, पी-०१ किंवा बेरेटाचे ९२ वंशातील कॉम्पॅक्ट यांत पहिली गोळी लांब आणि जड ओढीने, साधारण १० ते १२ पाउंडांच्या, सुटते आणि पुढच्या गोळ्या ४ ते ५ पाउंडांच्या हलक्या ओढीने. ही पहिली ओढ म्हणजेच सुरक्षेची तरतूद, परंतु तिचा सराव वेगळा करावा लागतो, आणि बोट आखूड असेल तर ट्रिगर गाठण्यासाठी पकड फिरवावी लागते. तसे होत असेल तर ते पिस्तूल आपले नव्हे, मग ते कितीही नावाजलेले असो. दुसरी शाखा ‘१९११’ नावाच्या कोल्टच्या जुन्या पिस्तुलाच्या वंशाची. तिथे घोडा (ट्रिगर नव्हे, मागे दिसणारा हॅमर) मागे ओढलेला आणि अंगठ्याचा सेफ्टी खटका लावलेला ठेवूनच पिस्तूल बाळगतात. ओढ छोटी, स्वच्छ आणि प्रत्येक वेळी सारखी मिळते, पण बाहेर काढताना खटका खाली दाबणे आणि परत ठेवताना वर करणे हे हाताला झोपेतही जमले पाहिजे. विल्सन कॉम्बॅटचे २०१७ साली आलेले ईडीसी एक्स९ आणि स्टॅकाटोची छोटी पिस्तुले याच वंशातली, दुहेरी रांगेच्या मॅगझिनची. पहिले तीन हजार डॉलरच्या पुढे-मागे, तर दुसरी अडीच हजारांच्या आसपास. तिसरी शाखा, आतल्या स्ट्रायकरवर, म्हणजे बाहेरच्या घोड्याऐवजी आत लपलेल्या स्प्रिंगच्या कांडीवर, चालणाऱ्या पिस्तुलांना ॲल्युमिनियमची फ्रेम बसवण्याची, अलीकडची आहे; स्मिथ अँड वेसनचे एम अँड पी मेटल हे त्याचे परिचित उदाहरण. पॉलिमरच्या पिस्तुलावर हात बसलेला असेल तर ही सर्वांत सोपी उडी.

बाहेर दिसणाऱ्या घोड्याचा एक फायदा दुकानात क्वचितच सांगितला जातो. पिस्तूल होल्स्टरमध्ये, म्हणजे त्याच्या म्यानात, परत सरकवताना शर्टाचे टोक किंवा जॅकेटची दोरी ट्रिगरमध्ये अडकली, तर गोळी सुटू शकते. पहिल्या शाखेच्या पिस्तुलात परत ठेवताना अंगठा घोड्यावर दाबून ठेवता येतो; काही अडकले तर घोडा उठताना अंगठ्याला लगेच समजते. पोटाच्या पुढच्या बाजूला, जांघेच्या वर होल्स्टर लावणाऱ्यांनी तर हा मुद्दा किमतीहून वरचा मानावा.

लपण्याबाबत एक गैरसमज जुना आहे: नळी आखूड असली की पिस्तूल लपते. प्रत्यक्षात नळी पँटच्या आत जाते. कपड्यावर उठून दिसते ती मूठ. कोल्टने १९४९ च्या सुमारास आणलेल्या ॲल्युमिनियम फ्रेमच्या कमांडरची नळी सव्वाचार इंचांची, पण मूठ पूर्ण मापाची. त्याच कंपनीच्या १९८५ च्या ऑफिसर्स मॉडेलची नळी साडेतीन इंच आणि मूठही कापलेली. लपवण्याच्या दृष्टीने दुसरीची कापलेली मूठ उपयोगाची, तिची आखूड नळी नव्हे. १९११ पद्धतीत फारच आखूड स्लाइडचा एक खराखुरा दोष आहे: स्लाइडचा प्रवास छोटा आणि वेगवान होतो, मॅगझिनच्या स्प्रिंगला पुढची गोळी वर आणायला कमी वेळ मिळतो, म्हणून स्प्रिंगा लवकर बदलाव्या लागतात आणि अडखळणे वाढते. या वर्गात चार इंचांच्या आसपासची नळी आणि किंचित कापलेली मूठ हा मेळ मला सर्वांत समतोल वाटतो.

ॲल्युमिनियम फ्रेमचे १९११ घेताना स्लाइड मागे खेचून नळीचे मागचे तोंड पाहावे. गोळी ज्या उतारावरून नळीत चढते तो उतार फ्रेममध्येच कोरलेला असेल, तर पोकळ टोकाच्या गोळ्या त्या मऊ धातूला हळूहळू ओरखडतात आणि पुढे गोळी अडकू लागते. उतार पोलादी नळीचाच भाग असेल तर हा प्रश्न मिटतो. एवढी एक गोष्ट पाहिली तरी बराच पस्तावा वाचतो. फ्रेमवरचा काळा लेप घासला गेल्यावर खालून चंदेरी धातू दिसतो, तो गंजत नाही. पोलादी स्लाइड मात्र गंजते, आणि ह्यूस्टनसारख्या ठिकाणचा जुलै चांगलाच दमट असतो. म्हणून स्लाइडच्या शरीराला टेकणाऱ्या बाजूवरचा लेप कोणता आहे, हे दुकानदाराला विचारावे.

जास्तीचे पैसे कशाचे, हे तपासण्याचा मार्ग साधा आहे. दुकानदाराची परवानगी घेऊन, पिस्तूल रिकामे असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करून, ट्रिगर हळूहळू ओढावा: ओढीत खरखर आहे का, सुटण्याचा क्षण प्रत्येक वेळी एकाच जागी येतो का. स्लाइड बंद असताना ती फ्रेमवर आडवी हलवून पाहावी. सुटे भाग आणि मॅगझिन सहज मिळतात का, कंपनी दुरुस्ती करून देते का, तेही विचारावे. हाताने बसवलेल्या पिस्तुलाचे मॅगझिनच साठ-सत्तर डॉलरचे असेल तर चार मॅगझिनचा खर्च आताच हिशेबात धरावा. कोरीव नक्षी, विदेशी लाकडाच्या मुठी आणि मर्यादित आवृत्तीचे क्रमांक यांना मी शून्य गुण देतो. रेड-डॉट, म्हणजे नेमासाठी लाल ठिपका दाखवणारी काच, बसवायचा विचार असेल तर स्लाइडला कारखान्यातच खाच असलेली आवृत्ती घ्यावी. मागाहून कापून घेणे महाग पडते आणि वॉरंटीला धोका असतो.

अंदाजपत्रकातील दीड-दोनशे डॉलर पट्टा आणि होल्स्टरसाठी बाजूला ठेवावेत, हे मी अंगावर सोसून शिकलो: पहिला महिना मी साध्या चामडी पट्ट्यावर पी२२९ बाळगले आणि दिवसभर पँट सावरत फिरलो. आतून ताठ पट्टी घातलेला, दीड इंच रुंदीचा पट्टा आणि ट्रिगर पूर्ण झाकणारे, त्याच मॉडेलसाठी बनवलेले होल्स्टर असेल तर नऊशे ग्रॅमही पेलतात. लेंगा-कुडता, साडी किंवा सलवार घालून मंडळाच्या कार्यक्रमाला जाणाऱ्यांपुढे मात्र पट्टाच नसण्याची अडचण असते, आणि अशा दिवशी पिस्तूल पर्समध्ये टाकण्याऐवजी घरी कुलपात ठेवावे, कारण पर्स खुर्चीवर राहते आणि कार्यक्रमात सगळीकडे मुले असतात. टेक्सासमध्ये ३०.०६ किंवा ३०.०७ क्रमांकाची, पिस्तूल आत आणण्यास मनाई करणारी पाटी लावलेल्या जागी, मग ते मंदिर असो की सभागृह, प्रवेशापूर्वी तिचा नेमका अर्थ माहीत असला पाहिजे.

खरेदीपूर्वी शक्य असेल तर त्याच मॉडेलवर रेंजवर शंभर गोळ्या झाडून पाहाव्यात. खरेदीनंतर साधी सरावाची ३०० काडतुसे आणि रोज बाळगायची तीच पोकळ टोकाची किमान ५० काडतुसे एकही अडथळा न येता चालेपर्यंत पिस्तूल कमरेला लावू नये. पोकळ टोकाच्या गोळ्यांवर न्यू जर्सीत वेगळे निर्बंध आहेत, ते तिथल्या रहिवाशांनी आधी वाचावेत. पहिल्या पन्नास-शंभर गोळ्यांत घट्ट बसवलेले महाग पिस्तूल अडखळले तर घाबरू नये, खाचांना थोडे अधिक तेल द्यावे आणि पुन्हा मोजायला सुरुवात करावी. तीनशेनंतरही अडखळत राहिले तर ते कंपनीकडे परत पाठवावे. मुठीचे स्क्रू धक्क्याने सैल होतात, त्यांना पहिल्या महिन्यात दर आठवड्याला हात लावून पाहावा, आणि उन्हाळ्यात रोज रात्री पिस्तूल रिकामे करून स्लाइडवरचा घाम पुसून, तेलाचा हात फिरवून मगच तिजोरीत ठेवावे.